व्हीपीपी, पैसापे आणि एक नकली पोकेमॉन

ऑफिसात नवीनच लागलेला एक मुलगा परवा चहाला म्हणाला, "ऑनलाइन लिलावात एक जुना गेम घेतोय. पैसे बुडणार नाहीत ना? काय काय बघायचं असतं?" त्याला तिथल्या तिथे जमेल तेवढं सांगितलं. पण मग डोक्यात चक्र सुरू झालं, कारण हा प्रश्न त्याच्या वयाच्या मानाने फारच म्हातारा आहे. न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेली वस्तू घ्यायची, तर पैसे आधी द्यायचे की माल आधी घ्यायचा? आणि मधल्या काळात ते पैसे कुणाच्या खिशात राहायचे? आपल्याकडे या प्रश्नाला सरकारी उत्तर मिळालं ते इंटरनेट घराघरात यायच्या सव्वाशे वर्षं आधी. शनिवारची दुपार मोकळी आहे, तेव्हा जरा पाल्हाळ लावतो. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ शेवटाकडे उडी मारावी, कामाच्या गोष्टी तिथे आहेत :-)

आधी शब्द. 'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आलाय. बटाटा, पगार, चावी, तसाच हाही. रोह्याची कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंडा-चौलात पोर्तुगीज दोनशेहून जास्त वर्षं ठाण मांडून होते. १७४० मध्ये ते ठाणं मराठ्यांकडे आलं. माणसं गेली, शब्द राहिला. हा शब्द नेमका कुठल्या बंदरातून आत शिरला हे काही मला सांगता यायचं नाही, पण कोकणच्या किनाऱ्यावर तो रोजच्या वापरातला आहे, कारण मासळी लिलावातच विकली जाते.

तर मासळीचा लिलाव डोळ्यांसमोर आणा. ससून डॉकला पहाटे गेला असाल तर पाहिलाच असेल. माल समोर पाटीत पडलेला असतो. कोलंबी ताजी आहे की कालची, हे डोळ्याने दिसतं आणि नाकाला कळतं. विकणारी बाई समोर, घेणारा समोर, दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. उद्या परत इथेच यायचंय, त्यामुळे आज फसवून चालत नाही. गुरांच्या बाजारात तर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बाजूच्याला कळतही नाही. पण तिथेही बैल समोर उभा असतो, त्याचे दात मोजता येतात. लिलाव ही पद्धत मुळात अशा समोरासमोरच्या जगासाठी जन्माला आली. भाव किती हे लिलाव ठरवतो, पण माल खरा की खोटा हे काही लिलाव सांगत नाही. ते आपलं आपण बघायचं असतं.

मग जो माल बघता येत नाही त्याचं काय?

या भानगडीत पडले ते टपाल तिकिटं जमवणारे लोक. (छंद माणसाकडून काय काय करून घेतो!) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत तिकिटांचे लिलाव व्हायचे. लांब राहणाऱ्यांना तिथे जाणं परवडायचं नाही, म्हणून ते पत्राने बोली कळवायचे. १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावच्या विक्रेत्यांनी एक गंमतशीर नियम काढला. सगळ्यांनी आपापली जास्तीत जास्त बोली पत्राने पाठवायची, सगळ्यात मोठी बोली ज्याची त्याला माल मिळणार, पण पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या हिशेबाने घेणार. म्हणजे मनातली खरी किंमत लिहायला भीती नको. विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये याच कल्पनेचं गणित मांडलं आणि पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ईबेवर आपण 'मॅक्सिमम बिड' टाकून झोपायला जातो आणि साइट आपल्या वतीने थोडी थोडी बोली वाढवत नेते, तो हाच प्रकार. आपल्या क्षेत्रात नव्या म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा कुठल्यातरी तिकीटवाल्याने आधीच करून ठेवलेल्या असतात.

भावाचा प्रश्न असा सुटला. विश्वासाचा तसाच राहिला.

त्याचं आपल्याकडचं उत्तर म्हणजे व्ही.पी.पी., व्हॅल्यू पेएबल पोस्ट. सुरुवात १८७७ ची. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना हे नक्की आठवत असेल. मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला कार्ड टाकायचं, तो पार्सल पाठवायचा. पोस्टमन ते दारात आणायचा, पैसे घ्यायचा, आणि ते पैसे पोस्टामार्फत मनीऑर्डरीने दुकानदाराला जायचे. पुस्तकं, औषधं, बियाणं, घड्याळं, सगळं 'व्हीपीने मागवा'. शहरात दुकान आणि खेड्यात गिऱ्हाईक, दोघांची कधी गाठ नाही, पण दोघांचाही पोस्टावर विश्वास.

आता यातली खोच बघा. पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता येत नाही. म्हणजे दुकानदाराचे पैसे बुडत नाहीत, पण आत घड्याळाऐवजी विटेचा तुकडा निघाला तर गिऱ्हाईक मेलंच. ही गोष्ट तेव्हाच्या कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली होती, आणि मला खरोखर आश्चर्य वाटलं ते इथे. १८९८ च्या इंडियन पोस्ट ऑफिस अ‍ॅक्टमध्ये व्हीपीबद्दल दोन कलमं आहेत, ३४ आणि ३५. पस्तिसाव्या कलमात सरकारला नियम करायचे अधिकार दिलेत. त्यात एक असा की खरोखर मागणी आल्यावरच माल पाठवतोय, असं पाठवणाऱ्याने लिहून द्यावं (नाहीतर लोक कुणालाही काहीही पाठवत सुटतील). आणि दुसरा असा की फसवणुकीच्या प्रकरणात वसूल झालेले पैसे पोस्टाने अडवून ठेवावेत आणि घेणाऱ्याला परत करावेत. अडवून ठेवणे आणि परत करणे! आज ज्याला आपण एस्क्रो म्हणतो, त्याची कल्पना आणखी काय वेगळी असते? पोस्टाच्या त्या जुन्या कायद्यात हे बसलेलं होतं.

प्रत्यक्षात किती जणांनी ही तरतूद वापरली असेल हा भाग वेगळा. विटेच्या तुकड्यासाठी अर्ज करत कोण बसणार?

आता एक मोठी उडी मारू. सप्टेंबर १९९५, कॅलिफोर्निया. पिएर ओमिडियार नावाचा प्रोग्रॅमर लेबर डेच्या मोठ्या सुट्टीत घरी बसून लिलावाची एक साइट लिहितो, नाव 'ऑक्शनवेब'. (आपण वीकेंडला ब्लॉग लिहितो, तो ईबे लिहितो. असो.) तिथे विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूंपैकी एक म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. साइटची श्रद्धा अशी की माणसं मुळात चांगली असतात. पण भांडणं सुरू झालीच, आणि १९९६ च्या सुरुवातीला फीडबॅक फोरम आलं. व्यवहार झाला की एकमेकांबद्दल चांगलं, वाईट किंवा मधलं लिहायचं, आणि ते नावापुढे कायमचं चिकटणार. कोळीवाड्यात जे तोंडातोंडी होतं ते डेटाबेसच्या टेबलात आलं, एवढाच फरक.

याचा खरंच उपयोग होतो का? काही अर्थतज्ज्ञांनी एक छान प्रयोग केला. एका मुरलेल्या विक्रेत्याने जुन्या पोस्टकार्डांचे सारख्याच प्रतीचे गठ्ठे काही स्वतःच्या जुन्या नावाने विकले आणि काही कोऱ्या नव्या नावांनी. जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. हा निबंध २००६ मध्ये छापून आला. म्हणजे अब्रूला भाव आहे, आणि तो मोजताही येतो. पण उलट बाजूने पाहिलं तर ठग मनुष्य दहा-वीस स्वस्तातल्या वस्तू प्रामाणिकपणे विकून अब्रू कमावणार आणि मग एका महागड्या कन्सोलवर ती सगळी उडवून पळून जाणार. तसं झालंही भरपूर.

व्हिडिओ गेमवाल्यांसाठी कसोटीचा काळ आला तो २००० च्या ऑक्टोबरात. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २६ ऑक्टोबरला आला, किंमत २९९ डॉलर. सोनीने पहिल्या दिवसासाठी दहा लाख देऊ म्हटलेले कन्सोल पाच लाखांवर आले. दुकानात मिळेना, म्हणून लोक लिलावांवर तुटून पडले. आणि मग आला तो अजरामर प्रकार. 'प्लेस्टेशन २ चा ओरिजिनल बॉक्स आणि पावती' असा लिलाव. वर कन्सोलचा देखणा फोटो, खाली पानभर कन्सोलचीच वैशिष्ट्यं, आणि मधे कुठेतरी एक वाक्य की विकतोय तो बॉक्स. लोकांनी शेकडो डॉलर मोजले आणि घरी रिकामं खोकं आलं. विकणारा म्हणतो, मी खोटं कुठे बोललो? सोळा आणे विटेचा तुकडा! फक्त या वेळी विटेचं वर्णन आधीच करून ठेवलेलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतातल्या नव्वदीतल्या पोरांचा व्हिडिओ गेम म्हणजे समुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांची यंत्रं. बहुतेक सगळी निन्टेन्डोच्या जुन्या मशीनची भावंडं, काही सख्खी, बरीचशी सावत्र. गेमला आपण 'कॅसेट' म्हणायचो, चालली नाही की फुंकर मारून परत घालायची, आणि कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १'. त्यातले खरे गेम जेमतेम पाच-सहा, बाकीचे तेच ते पुन्हा पुन्हा. पुढे सीडी आल्यावर लॅमिंग्टन रोड होताच. (त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते सांगून टॅक्सीवाला कुठे नेईल देव जाणे.) सांगायचा मुद्दा असा की अस्सल गेम हातात धरून पाहिलेलाच नाही अशी एक अख्खी पिढी इथे खेळत मोठी झाली. मग नकली ओळखणार कशावरून?

अशा देशात २००० मध्ये बाझी डॉट कॉम सुरू झालं. हार्वर्डमध्ये एकत्र शिकलेले अवनीश बजाज आणि सुविर सुजन यांनी मुंबईतून ही लिलावाची साइट काढली. नावातच डाव! डॉटकॉमचा फुगा फुटून गेल्यावरही ती तगली. २००४ च्या जूनमध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा तिचे नोंदवलेले सभासद दहा लाखांच्या वर होते. पुढच्या वर्षी पाटी बदलून ईबे इंडिया झालं.

मधे एक वादळ येऊन गेलं. २००४ च्या नोव्हेंबरअखेर एका विद्यार्थ्याने साइटवर एक अश्लील क्लिप सव्वाशे रुपयांना विकायला ठेवली. ती दोन दिवसांत काढली गेली, पण डिसेंबरात खुद्द अवनीश बजाज यांनाच दिल्ली पोलिसांनी अटक केली. बाजारात कुणीतरी काहीतरी वाईट विकलं तर बाजार भरवणाऱ्याला आत टाकायचं का, यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्यावरचा खटला रद्द केला. त्याआधीच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं होतं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं होतं. मधला मनुष्य नुसता मधलाच असेल, नीट काळजी घेत असेल आणि कळल्यावर आक्षेपार्ह गोष्ट काढत असेल तर तो जबाबदार नाही, हा त्याचा गाभा. मला हे योग्यच वाटतं. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. १८९८ चा कायदा मधल्या माणसाला सांगतो की पैसे अडवून ठेव. शंभर वर्षांनंतरचा कायदा मधल्या माणसाला सांगतो की तुझा संबंध नाही. मग गिऱ्हाइकाला वाचवणार कोण? तर साइटने स्वतःहून, धंद्याची गरज म्हणून, काही केलं तर केलं.

ईबे इंडियाने केलं. त्याचं नाव पैसापे. अमेरिकेत ईबेच्या हाताशी २००२ पासून पेपाल होतं, पण भारतातल्या भारतात रुपयांचे व्यवहार पेपालने होत नव्हते. पैसापेची रीत सरळ होती. पैसे कार्डाने किंवा नेटबँकिंगने भरायचे, ते साइटकडे राहणार, माल पोचला की विक्रेत्याला जाणार. व्हीपीपेक्षा हे एक पाऊल पुढे होतं, कारण इथे खोकं फोडून बघायला थोडा वेळ मिळायचा.

पण 'कार्डाने किंवा नेटबँकिंगने' या दोन शब्दांतच सगळी मेख होती. २००६-०७ मध्ये व्हिडिओ गेम कुणाला हवे असायचे? पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना. क्रेडिट कार्ड कुणाकडे असायचं? आपल्यासारख्या आयटीवाल्या काकांकडे. मुंबई-पुण्याबाहेर तर विचारूच नका.

माझी मावशी निडीला राहते. पनवेल-रोहा लाइनवर नागोठण्यानंतर, रोह्याच्या अलीकडचं छोटं स्टेशन. कोकणकन्येतून जाताना डुलकी लागली असेल तर दिसणारही नाही. पॅसेंजर थांबते, बाकीच्या गाड्या शिट्टी वाजवून पुढे. मावसभावाला त्याच्या काकांनी दुबईहून गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणून दिला होता, आणि बरोबर एकच गेम. तो संपवून संपवून त्याची पाठ झाली होती. २००७ च्या उन्हाळ्यात रोह्याच्या एका सायबर कॅफेत बसून त्याने एका लिलावाच्या साइटवर पोकेमॉन एमराल्डची कॅसेट ६५० रुपयांना जिंकली. विक्रेता पुण्याचा. आता पैसे कसे द्यायचे? कार्ड नाही, नेटबँकिंग नाही. विक्रेता म्हणाला, माझ्या खात्यात भर, मग पाठवतो. पोरगं भरायला निघालंही होतं.

मावशीने अडवलं. मला फोन केला, "अरे, हा म्हणतो आधी पैसे भर. असं कुठे असतं का? आमच्या वेळेस बाबा सगळं व्हीपीने मागवायचे. वस्तू दारात आल्याशिवाय दमडी द्यायची नाही." मी तिला पैसापे, एस्क्रो वगैरे समजावायला गेलो, पण ती काही चुकीचं बोलत नव्हती. विक्रेत्याला विचारलं, तर तो बापडा व्हीपीला तयार झाला. त्यालाही पोस्टात जाऊन विचारावं लागलं म्हणे, हे अजून चालू आहे का.

पार्सल आलं. पैसे देऊन फोडलं. गेम सुरू झाला, भावाने दिवसभर खेळला, सेव्ह केला, रात्री बंद केला. सकाळी सुरू केला तर सगळं साफ. परत पहिल्यापासून.

पुढच्या शनिवारी मी पनवेलहून पॅसेंजर पकडून गेलो, स्क्रूड्रायव्हर घेऊनच. कॅसेट हातात घेतल्या घेतल्या शंका आली. अस्सल कॅसेटला मागे तीन पाकळ्यांचा वेगळाच स्क्रू असतो, इथे साधा फुलीचा. अस्सल लेबलवर दोन अंकांचा ठसा हलकासा दाबलेला असतो, तिरकं धरलं की दिसतो. इथे लेबल सपाट आणि रंग जरा जास्तच भडक. खालच्या सोनेरी दातांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं हवं, ते नाही. आत बॅटरी होती, पण ती बहुधा कधीच मेलेली. एवढं सगळं बघायला आधी कॅसेट हातात यायला हवी ना! फोटोत तर पुठ्ठ्याच्या खोक्याचं चित्र होतं, तेही दुसरीकडून उचललेलं.

मग भावाने चिडून लाल फीडबॅक दिला. अर्ध्या तासात त्याला उलटा लाल फीडबॅक आला. तेव्हा ही रीतच होती. तू मला वाईट म्हणशील तर मी तुला म्हणेन, या भीतीने कितीतरी लोक खरं लिहायचेच नाहीत. (ईबेने मे २००८ मध्ये विक्रेत्यांना गिऱ्हाइकाबद्दल वाईट लिहायची सोयच बंद केली, ती याच कारणाने.) शेवटी मी विक्रेत्याला फोन केला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा निघाला. त्याने ती कॅसेट रस्त्यावरच्या बाजारातून अस्सल समजून घेतली होती आणि त्याच्याकडेही सेव्ह होत नव्हतं. त्याला वाटलं, आपलंच यंत्र बिघडलंय! ठग नव्हता तो, अडाणी होता. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांनाही पुढे नोबेल मिळालं. त्यात विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे अख्खा बाजार नासत जातो. इथे तर दोघांनाही माहीत नव्हती. त्याने सव्वातीनशे रुपये मनीऑर्डरीने परत पाठवले. दोघांचे लाल शेरे मात्र तसेच राहिले, काढायची सोय नव्हती.

या गोष्टीकडे मी पुष्कळदा इंजिनिअरच्या नजरेने पाहतो. फीडबॅक, एस्क्रो, व्हीपी, सगळं काही होतं, पण जे संरक्षण चांगलं होतं ते निडीपर्यंत पोचत नव्हतं आणि जे निडीपर्यंत पोचत होतं ते पुरेसं नव्हतं. पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मित्राने त्याच महिन्यात त्याच किमतीची कॅसेट कार्डाने घेतली असती आणि नकली निघाल्यावर पूर्ण पैसे परत मागितले असते. फरक हुशारीचा नव्हता, तर खिशातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचा होता.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि लोक म्हणाले, काय भन्नाट नवी कल्पना! मावशी म्हणाली, ही तर व्हीपीच. बरोबरच होतं तिचं, फक्त माल परत घेण्याची हमी त्याला जोडलेली होती, आणि ती जोड फार मोठी होती. पण त्यामुळे हळूहळू लोकांची लिलावाची सवयच सुटली. ठरलेली किंमत, नवा माल, दारात पैसे. एप्रिल २०१७ मध्ये ईबेने आपला भारतातला धंदा फ्लिपकार्टला देऊन टाकला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे डॉट इन बंद झालं. पैसापेही त्याबरोबर गेलं.

जुने गेम विकणारे घेणारे मात्र कुठे जाणार? ते ओएलएक्सवर, फेसबुकच्या ग्रुपांवर, टेलिग्रामवर गेले. तिथेही बोली लागते, 'सध्या १२००, कोण वाढवतं?' अशी. पण मधे कुणीच नाही. पोस्टमन नाही, साइटचा गल्ला नाही. २०१६ पासून यूपीआय आहे, म्हणजे निडीतल्या पोराकडेही आता पैसे पाठवायचं साधन आहे, ही केवढी मोठी गोष्ट! पण यूपीआयने गेलेला पैसा क्षणात समोरच्याच्या खात्यात असतो. मधला काळच नाहीसा झालाय, आणि अडवून ठेवायला जागा होती ती नेमकी त्या मधल्या काळातच.

तर त्या ऑफिसातल्या मुलाला मी जे सांगितलं ते असं. परदेशी ईबेवरून घेणार असशील तर पैसे साइटच्या आतूनच भर. विक्रेता बाहेर मेसेज करून 'थेट पाठव, स्वस्तात देतो' म्हणाला की तिथेच थांब, कारण मनी-बॅक गॅरंटी साइटच्या आतल्या व्यवहारालाच आहे. हरलेल्या लिलावानंतर 'जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुला देतो' असा ईमेल आला तर ईमेलमधल्या लिंकवर न जाता स्वतः साइट उघडून खात्यात तशी ऑफर आहे का बघ. फोटो मागव, आणि फोटोत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी डिस्कशेजारी ठेवायला सांग. ज्याच्याकडे वस्तू खरंच आहे त्याला हे करायला दोन मिनिटं लागतात. डिस्कचा खालचा भाग मागव. प्लेस्टेशन १ च्या अस्सल डिस्क खालून काळ्या, प्लेस्टेशन २ च्या सीडीवाल्या निळ्या आणि डीव्हीडीवाल्या चंदेरी. जांभळट दिसली तर घरी भाजलेली. जुन्या गेमना रीजनही असतो, अमेरिकेतली प्लेस्टेशन २ ची डिस्क आपल्याकडच्या मशीनवर चालत नाही. प्लेस्टेशन ३ पासून डिस्कच्या गेमपुरती ही कटकट जवळपास संपली. वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाच, 'फक्त बॉक्स' हे शब्द शोध. विक्रेत्याचे शेरे वाचताना आकडा नको पाहूस, त्याने याआधी काय विकलंय ते पाहा. पेनं आणि मोबाइल कव्हरं विकून शंभर टक्के झालेला माणूस अचानक प्लेस्टेशन ५ विकतोय, तर का?

आणि बोली लावताना मनातली शेवटची किंमत आधीच कागदावर लिही. शेवटच्या दोन मिनिटांत भाव चढवत नेणारा कधी कधी विक्रेत्याचाच मित्र असतो.

तो म्हणाला, विक्रेता पनवेलचाच आहे, एका ग्रुपवर भेटलाय, क्यूआर कोड पाठवलाय. म्हटलं, पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे तू विकणारा असशील तेव्हा लक्षात ठेव, सगळ्यात जास्त पोरं तिथेच फसतात. आणि तू घेणारा आहेस, तर त्याला दिवसा स्टेशनवर भेट, कन्सोल नेता येत नसेल तर त्याच्या घरी जा किंवा एखाद्या गेमिंग कॅफेत बोलाव, डिस्क घाल, गेम सुरू होऊ दे, सेव्ह कर, बंद करून परत चालू कर. मग पैसे दे. आणि एवढं करूनही फसलास तर लाजून गप्प बसू नकोस, लगेच १९३० ला फोन कर. पहिल्या काही तासांत कळवलं तर खात्यात अडकलेले पैसे थांबवता येण्याची शक्यता असते.

१८९८ चा तो पोस्टाचा कायदा, अडवून ठेवायच्या कलमासकट, १८ जून २०२४ ला रद्द झाला. त्याच्या जागी २०२३ चा नवा, बराच छोटा कायदा आला. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, म्हणजे आता तुलाच येऊन स्क्रू उघडायला लागणार." मावसभाऊ सध्या नवी मुंबईत नोकरीला आहे. ती कॅसेट त्याने टाकली नाहीये. सेव्ह होत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत किती पुढे जाता येतं ते बघत बसतो. पाचव्या जिमपर्यंत पोचलाय म्हणे.